पुढचं दार मागे असलेलं घर

तीर्थरूप वहिनीला,

धाकट्या नणंदेचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकले की पुन्हा सरळ व्हायला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि घरात हाक मारण्याजोगं कुणी नाही, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे.)

"ह्या घराला तोंड आहे की नाही?" असं तू विचारलं होतंस. आठवतं का? दादाशी लग्न ठरल्यावर तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हाची गोष्ट. मोठ्या रस्त्यावरून येऊन तू बराच वेळ दार ठोठावलंस. आतून बाबा ओरडले, "मागून या!" मग तू नवी साडी सावरत अख्ख्या ओळीला वळसा घातलास, मागच्या बोळातून, वाळत घातलेल्या चादरींखालून वाकत आत आलीस आणि टेकण्याआधीच हा प्रश्न टाकलास. मी चौदा वर्षांची होते. मला हसू आवरेना. दादा तुझ्याकडे बघण्यात गुंग होता, आणि बाबांना हा प्रश्न स्वतःसाठी आहे असं वाटलंच नाही. त्या दिवशी एकानं जरी शहाण्यासारखं उत्तर दिलं असतं ना, तर गेल्या वर्षभरात तुझ्या-माझ्या चपला झिजल्या नसत्या.

असो. आधी तुझी तब्येत. गुडघे कसे आहेत? ('बरे आहेत' हे उत्तर मी आता धरत नाही. पायऱ्या चढताना कठडा एका हातानं धरतेस की दोन्ही, एवढंच कळव, पुढचं मी समजेन.) नातीला दात आले का? लेकीची बदली टळली का? जावयांना माझा नमस्कार सांग. ते फोनवर फक्त "हो, देतो" एवढंच बोलतात, पण मनाचे फार चांगले आहेत, हे मला त्या "देतो"वरूनच कळतं. मी बरी आहे. डोळ्यांचा नंबर वाढला, बाकी सगळं आहे तिथेच आहे. हे 'आहे तिथेच' केवळ तुझ्यामुळे, आणि ते नीट सांगावं म्हणून हे पत्र. सहीच्या दिवशी नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर मी तुझे आभार मानायला लागले, तर तू "आधी ती पिशवी धर" म्हणालीस. मी पिशवी धरली आणि आभार राहिले.

पण आभार समजायचे तर तू सहीला येण्याआधी इथे काय काय झालं ते तुला कळायला हवं. ते मी फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर मला रडू आलं असतं आणि तुला ते चालत नाही.

मुळात सगळा दोष बाबांच्या टेबलाचा. कापड बेतायला त्यांना आडवं-उभं पसरता येईल असं टेबल हवं होतं, आणि उजेडही हवा होता. उजेड सगळ्यात चांगला पुढच्या दाराशी. सुतारानं लाकूड आत आणून तिथेच टेबल जोडलं आणि निघताना त्याच्या लक्षात आलं, की आपण दार बंद करून बसलोय. त्याला मागून बाहेर काढावं लागलं, आणि त्या दिवसापासून आमचं सगळं जग मागून यायला लागलं. गिऱ्हाइकं मागून, दूधवाला मागून, टपाल मागून. घराच्या नंबराची पाटी मागे, घंटा मागे, पायपुसणं मागे. (आमच्याकडे चोरसुद्धा एकदा मागूनच शिरला होता. म्हणजे आमच्या हिशेबानं तो राजरोस पुढून आला. पोलिसांना हे समजावताना बाबांचा घसा बसला.) बाबा गेले तरी ते टेबल कुणाला हलवता आलं नाही. ते मोडल्याशिवाय निघत नाही, आणि मोडायला कुणाचा हात धजत नाही.

मग दादानं आणि मी वाटणी केली. ती भांडून नव्हे, पुढे कधी भांडण होऊ नये म्हणून, असं आपण सगळ्यांना अभिमानानं सांगत होतो. पुढून मागे अशी सरळ रेघ मारायची. सकाळचं ऊन येतं ती बाजू, स्वयंपाकघरासकट, मला. दुसरी सावलीची, बाहेरच्या पडवीसकट, तुम्हाला. दादा म्हणाला होता, "तू दिवसभर बारीक अक्षरं वाचतेस, उजेड तुझ्याकडे राहू दे." तू त्याच्या मागे उभी राहून मान डोलावलीस. आताच्या पिढीच्या भाषेत सांगायचं तर बैठक दोन कप चहात आटोपली.

दस्त लिहिणारे काका तुला आठवतील. चष्म्याला दोरी बांधलेले, नोंदणी कचेरीच्या आवारात झाडाखाली बसतात ते. ते इतके काटेकोर, की जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत. ते जागा पाहायला आले, अर्थात मागून. आपल्या दारात उभे राहिले, बोळाकडे तोंड केलं, चहाचा कप उजव्या हातात होता म्हणून डावा हात वर केला आणि विचारलं, "हा भाग बहिणीचा ना?" सगळे एकसुरात हो म्हणालो. त्यांनी तसंच लिहिलं. 'मुख्य दारात उभे राहून रस्त्याकडे पाहिले असता डाव्या हाताचा भाग बहिणीचा, उजव्या हाताचा भावाचा.' आमच्या घरात उभं राहून वाचलंस तर त्यात काडीची चूक नाही. पण नगरपालिकेच्या नकाशात मुख्य दार म्हणजे मोठ्या रस्त्यावरचं, टेबलामागचं, ज्याची कडीसुद्धा बाबांनी काढून दुसऱ्या दाराला लावली होती ते. तिथे उभं राहून मोठ्या रस्त्याकडे तोंड केलं, की डावा हात बरोब्बर तुमच्या सावलीच्या बाजूला जातो. म्हणजे इतकी वर्षं कागदावर मी तुझ्या खोल्यांची मालकीण आणि तू माझ्या स्वयंपाकघराची.

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की सही करण्याआधी तो दस्त मी तपासून दिला होता. पोटापाण्यासाठी मी दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढते. लोक म्हणतात माझ्या नजरेतून वेलांटी सुटत नाही. मी लाल पेन घेऊन बसले, स्वल्पविराम घातले, दोन लांबलचक वाक्यं तोडली, 'सदरहू' हा शब्द एका पानात इतक्या वेळा आला म्हणून काकांना चार शब्द सुनावले, आणि सुंदर निर्दोष केलेला कागद परत दिला. त्यात फक्त घर इकडचं तिकडे गेलं होतं.

दादा गेल्यावर त्याचा भाग तुझ्या नावावर करायचं ठरलं आणि मोजणीवाले साहेब आले. ते सरळमार्गी. नकाशाप्रमाणे मोठ्या रस्त्यावरून आले आणि दार ठोठावत राहिले. मी आतून ओरडले, "मागून या!" (आवाज थेट बाबांचा निघाला. माझी मीच दचकले.) वळसा घालून आले, त्यांना स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. त्यांनी नकाशा पसरला. आधी नकाशा फिरवला, मग खुर्ची फिरवली, मग उठून स्वतः फिरले.

"ही बाजू कुणाची म्हणालात?"

"माझी."

"कागदात तर तुमच्या वहिनींची आहे." त्यांनी कपाकडे पाहिलं. "म्हणजे हा चहा त्यांचाच झाला म्हणायचा."

मी हसले. ते हसले नाहीत. सरकारी माणसाचा विनोद बऱ्याचदा विनोद नसतोच.

तशीच उठून काकांकडे गेले. ते आधी भयंकर चिडले. आपल्या दस्तात चूक निघणं म्हणजे त्यांना कुळाला डाग लागल्यासारखं वाटतं. तरातरा माझ्याबरोबर घरी आले, पुन्हा त्याच जागी उभे राहिले, बोळाकडे तोंड करून तोच डावा हात वर केला आणि म्हणाले, "बरोबर तर लिहिलंय!" मग मी त्यांना दंडाला धरून, वळसा घालून मोठ्या रस्त्यावर नेलं. तिथे रस्त्याकडे तोंड करून, कडी नसलेल्या त्या दाराला पाठ लावून ते उभे राहिले. डावा हात वर केला. समोरच्या बेकरीतल्या मालकीणबाई हा काय प्रकार म्हणून बाहेर आल्या. काकांचा हात हळूहळू खाली आला.

"बाई," ते म्हणाले, "हे दार आहे होय? मी इतकी वर्षं इथून जातो, मला ही फळ्यांची भिंत वाटायची." आणि फळीवर बोटं वाजवत, "चूक घराची आहे. पण दुरुस्ती मी लिहून देतो."

दुरुस्तीपत्र लिहिणं सोपं, पण त्यावर सगळ्या मालकांच्या सह्या लागतात, आणि खरी मेख तिथे होती. तू सही केली नाहीस, तर कागद आहे तसा राहणार, आणि उन्हाची बाजू तुझी. मी हे तुला कळवण्याआधीच तुझ्या धाकट्या बंधूंना कुठून तरी समजलं. (आपले कायदेपंडित. परीक्षेला कधी बसले नाहीत, पण सल्ल्याला सदैव बसलेले.) त्यांचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "आम्ही घाई करणार नाही. ताईचा हक्क काय आहे ते बघू. कागद तो कागद." आणि वहिनी, खोटं कशाला बोलू, मला राग आला नाही. मला भीती वाटली, कारण त्यांचं म्हणणं सगळं चुकीचं नव्हतं. तू लेकीच्या बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतेस. सकाळी सगळे उठायच्या आत तुला गादी गुंडाळावी लागते. स्वयंपाकघरासकट उन्हाच्या त्या दोन खोल्या तुझ्या झाल्या असत्या तर तुझं काय काय सोयीचं झालं असतं हे मला दिसत होतं. तुझ्या जागी मी असते तर निदान 'विचार करून सांगते' असं तरी म्हटलं असतं. दोन दिवस मी ओट्याशी उभ्यानंच जेवले. खुर्चीत बसायचा धीर होईना. दुसऱ्याच्या घरात आपण पसरून बसलोय आणि घरमालकीण बिचारी भिडेखातर काही बोलत नाही, असं वाटत राहिलं.

शेवटी तुला ते लांबलचक पत्र लिहिलं, घराची आकृती काढून, बाण दाखवून, दोन्ही बाजूंचं म्हणणं मांडून. त्यातल्या एका परिच्छेदात मी तुझ्या बाजूनं इतकं चांगलं भांडले होते, की तुझ्या बंधूंनी ते कोर्टात वाचून दाखवावं. तुझा फोन आला. म्हणालीस, "किती लिहितेस गं! तारीख सांग."

मी म्हटलं, "वहिनी, नीट विचार कर."

"वन्सं," तू म्हणालीस (मला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणायला लागलीस की तू वैतागलीस हे मला चौदाव्या वर्षापासून ठाऊक आहे), "तुम्हाला दुसरं काम नसेल, मला आहे. कुकर लावलाय. तारीख सांगा."

त्या दिवसाचं तुला काय सांगायचं, तू तिथे होतीस. तरी सांगते, कारण तू फक्त सह्या करत होतीस, मी बघत होते. काकांना मुख्य दार कुठलं हे सांगणारे साक्षीदार हवे होते, म्हणून मी निवृत्त पोस्टमनदादांना आणलं होतं, आणि बेकरीच्या मालकीणबाई स्वतःहून आल्या. त्यांना पुढे काय होतं ते बघितल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. कारकूनसाहेबांनी पोस्टमनदादांना फक्त विचारलं, दोघींना ओळखता का? पोस्टमनदादांनी घसा साफ केला आणि उभ्या आयुष्याचं टपाल काढलं. कुठल्या वर्षी कुणाचं पत्र आलं, बाबांनी कुणाचं पाकीट उलटं धरून वाचलं, बोळातला कुत्रा कुणाला चावला. "मला विचाराल तर साहेब, ते मागचं दार हेच पुढचं. सरकारनं नकाशा बदलावा." साहेब म्हणाले, "हो किंवा नाही सांगा." ते म्हणाले, "तेच सांगतोय."

मग यंत्रावर अंगठे. माझा उमटला. तुझा उमटेना. पुसून झाला, धुऊन झाला, फुंकून झाला. साहेब म्हणाले, रेषा झिजल्यात. तू म्हणालीस, "ह्यांच्याकडे भांडी घासून झिजल्यात, आता ह्यांच्याच कामाला उमटत नाहीत बघा." सगळी कचेरी हसली. मी हसले नाही. मी त्या अंगठ्याकडे बघत होते. तुझी करंगळी चालली शेवटी.

तेवढ्यात तुझे बंधू जिना चढून आले, काखेत फाइल, धापा टाकत. तुला बाजूला घेतलं. बाजू म्हणजे हातभर. त्या कचेरीत त्याहून लांब बाजूच नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "ताई, अजून वेळ आहे. उन्हाची बाजू कायद्यानं तुझी आहे. का सोडतेस?"

तू चष्मा पुसलास. म्हणालीस, "मला मेलं ऊन सोसत नाही. डोकं दुखतं. मला देऊन काय उपयोग?"

"अगं, पण…"

"आणि तू जेवलायस का? चेहरा बघ कसा झालाय. खाली जाऊन काहीतरी खा. माझी बस चुकवू नकोस."

मग साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, सही स्वखुशीनं करताय ना, कुणाचा दबाव नाही ना? तू म्हणालीस, "दोन बसा बदलून आलेय. दबाव होता तो शेजारच्या सीटवरच्या बाईंचा." आणि सही केलीस. इतकी लांब, पूर्ण नावाची, एकही अक्षर न गाळता.

वहिनी, थंडीच्या दिवसांत सकाळी पाठ शेकायला त्याच उन्हाच्या खिडकीत कोण बसायचं? दादा तुला तिथून उठवण्यासाठी चहाचं आमिष दाखवायचा आणि तू म्हणायचीस, चहा इथेच आण. ऊन सोसत नाही म्हणे! एवढं धडधडीत खोटं बोलून तू मला घर दिलंस, आणि त्याला उपकाराचा वासही येऊ दिला नाहीस. आता सकाळी माझ्या टेबलावर ऊन येतं, मी दुसऱ्यांच्या चुका काढत बसते, आणि मधेच कधी पेन खाली ठेवून नुसती बसते. तेवढ्यापुरतं माझं मन फार भरून येतं. एरवी मी कामसू आहे. हेच आभार. पिशवी कुणीही धरो, आता मानून घे.

मोठ्यांना नमस्कार, नातीला पापा. तुझ्या बंधूंनाही नमस्कार कळव. त्यांना म्हणावं, त्या दिवशी खाली जाऊन तुम्ही खरंच दोन वडापाव खाल्लेत, याची मी तिथेच चहा पीत असलेल्या बेकरीवाल्या बाईंकडून खातरजमा केली आहे.

तुझी, आता कागदोपत्रीही स्वतःच्याच खुर्चीत बसलेली,
धाकटी नणंद

ता. क. दुरुस्तीपत्राची प्रत काल हाती आली. सोबत दुसरी प्रत तुझ्यासाठी जोडली आहे. नीट वाच. त्यात एक चूक आहे. तुझ्या नावापुढे 'राहणार' म्हणून लेकीचा पत्ता हवा होता. काकांनी जुन्या दस्तावरून उतरवताना तिथे आपल्या घराचाच पत्ता घातला. सरकारदरबारी सध्या तू इथे राहतेस.

ता. क. २. काकांना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पत्ता बदलायचा तर पुन्हा दुरुस्तीपत्र, पुन्हा दोघींनी यायचं, फोटो, अंगठा, साक्षीदार. (पोस्टमनदादा तयार आहेत. त्यांचं म्हणणं अर्धंच झालं होतं.) मग जरा वेळानं ते चष्म्याची दोरी चाळवत म्हणाले, "बाई राहायलाच आल्या, तर मात्र चूक काही नाही. मग काही लिहायला नको."

ता. क. ३. खरं सांगते. ही चूक मी सहीच्या आदल्या दिवशी मसुद्यातच पाहिली होती. लाल पेन हातात होतं. मी टोपण लावून ठेवून दिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून सोडलेली ही माझी एकुलती एक चूक.

ता. क. ४. दादा गेल्यापासून तू घरात पाऊल टाकलेलं नाहीस. त्या दिवशीही कचेरीतून सरळ बसस्टँडवर गेलीस. पुढची बस अर्ध्या तासानं होती, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. मी विचारलं नाही. आता विचारते. राहायला ये, वहिनी. तुझ्या खोल्या मी रोज झाडते. मधली भिंत घालायची असं वाटणीपत्रात लिहिलंय, ती आपण कुणीच कधी घातली नाही, त्यामुळे तुला हाक मारायला मला उठावंसुद्धा लागणार नाही. तू नाही म्हणशील. नात लहान आहे म्हणशील, डॉक्टर तिकडचेच सवयीचे म्हणशील, लेकीला काय वाटेल म्हणशील. तो नसताना त्या घरात मला जमायचं नाही, हे म्हणणार नाहीस, पण तेच असेल. मलाही जमलेलं नाही. एकटीला जमत नाही ते दोघींना जमेलच असंही नाही. तरी ये. कायमची नको म्हणत असलीस तर थंडीपुरती ये. आणि नाहीच म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नकोस, पत्रानं म्हण. टपाल पोचायला चार-सहा दिवस लागतात. तेवढे दिवस तू येणार आहेस असं मला धरून चालता येईल.